न्यूझीलंड: फक्त दक्षिण बेट, तेही मार्चमध्ये

पुढच्या मार्चमध्ये न्यूझीलंडला जायचं हे नक्की झालं, आणि उत्तर बेट पूर्णपणे सोडून द्यायचं हेही नक्की झालं. ऑकलंड नाही, रोटोरुआचे गरम पाण्याचे फवारे नाहीत, वायटोमोच्या चमकत्या गुहा नाहीत. हे ऐकल्यावर घरातल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "एवढा पैसा घालून जाताय आणि अर्धाच देश बघणार?" सासूबाईंना मी फोनवर सविस्तर सांगितलं. तेच इथे जरा सावकाश लिहिते, कारण अशीच सहल आखणारे बरेच जण असतील.

सुरुवात आम्हीही ट्रॅव्हल कंपनीच्या छापील कार्यक्रमापासून केली. त्यात दोन्ही बेटं होती, चारतारांकित हॉटेलं होती, भारतीय जेवण होतं. पण मी नकाशा समोर घेऊन प्रत्येक दिवसाचं अंतर मांडत गेले, तेव्हा दिसलं की उजेडाचे निम्मे तास बसच्या खिडकीत जाणार आणि जवळजवळ रोज बॅग भरून नव्या हॉटेलात उतरायचं. न्यूझीलंड नकाशात लहान दिसतं, पण त्याचं क्षेत्रफळ दोन लाख अडुसष्ट हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडंच कमी. नागपूर, कोकण, वेरूळ आणि कोल्हापूर एका दमात बघायला निघालेल्या पाहुण्याला आपण काय सांगू? तेच मी स्वतःला सांगितलं. त्यात दक्षिण बेटाची लोकसंख्या सगळी मिळून बारा लाखांच्या आसपास. म्हणजे माझ्या नाशिक शहरापेक्षाही कमी माणसं, दीड लाख चौरस किलोमीटरच्या डोंगर-सरोवरांत विखुरलेली. मला बघायचंय ते हेच.

जाणार आम्ही तिघं. मी गेली कित्येक वर्षं सह्याद्रीत भटकते; साल्हेर, अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगड हे माझे नेहमीचे. नवऱ्याला डोंगर मनापासून आवडतो, पण त्याचा डावा गुडघा उतारावर साथ देत नाही. त्याला चांगली खोली, चांगलं जेवण आणि रात्री आकाशाकडे कॅमेरा लावून बसायला जागा हवी. आणि लेकीला उंचावरून उडी मारायची आहे, बाकी काहीही चालेल. या तिघांना एकाच सहलीत बसवायचं तर पैसा खर्च होणारच. तो कुठे खर्च करायचा, यावर आमची खरी चर्चा झाली.

माझा मावसभाऊ ख्राइस्टचर्चला असतो. त्याला मी पहिल्यांदा विचारलं ते हॉटेलांबद्दल. दादा म्हणाला, "अगं, हॉटेलात संगमरवर बघायला येऊ नकोस. इथे पैसे टाकायचे ते डोंगराच्या आत पोचायला आणि एखादा दिवस राखून ठेवायला." पुढचं सगळं नियोजन मी या एका वाक्यावर बेतलं.

आधी महिना. आपल्याकडून लोक जातात ते मेच्या सुट्टीत नाहीतर दिवाळीत. मे म्हणजे तिथे हिवाळ्याचं तोंड. दिवस लहान, उंचावरच्या बऱ्याच वाटा बंद किंवा बर्फाच्या. दिवाळीत तिथे वसंत असतो, सुंदरही असतो, पण नैऋत्येकडच्या फिऑर्डलँड या डोंगर-खाड्यांच्या भागात नोव्हेंबरपर्यंत हिमकडे कोसळण्याचा धोका असतो, आणि मग तिथल्या मिलफर्ड साउंड या समुद्राच्या खाडीकडे जाणारा रस्ता अधूनमधून बंद ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत त्यांची स्वतःची उन्हाळी सुट्टी, म्हणजे गर्दी आणि भाव दोन्ही चढे. फेब्रुवारीत शाळा सुरू होतात. मार्चमध्ये हवा त्यातल्या त्यात स्थिर असते, वाटा उघड्या असतात आणि दिवस अजून मोठा असतो. लेक कॉलेजात आहे, ती शिक्षकांशी बोलून सुट्टी काढणार आहे. शाळकरी मुलं असणाऱ्यांना हे जमणार नाही हे मला कळतं. त्यांनी दिवाळीचा उत्तरार्ध धरावा आणि मिलफर्डसाठी जास्तीचा दिवस हाताशी ठेवावा.

मार्चचं दुसरं कारण नवऱ्याचं आहे. टेकापो सरोवर आणि आओराकी, म्हणजे माउंट कुक, यांच्या भोवतालचा चार हजार चौरस किलोमीटरहून मोठा भाग २०१२ पासून आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय रिझर्व्ह' आहे. तिथल्या दिव्यांवर बंधनं आहेत, त्यामुळे आकाश खरोखर काळं असतं. आपण नाशिकहून अगस्तीचा तारा बघतो तो दक्षिणेला, क्षितिजापासून जरा वर. मार्चच्या सुरुवातीला टेकापोत रात्र पडली की हाच अगस्ती जवळजवळ डोक्यावर असतो. आणि मृग उत्तरेला, उलटा. मॅगेलनचे दोन्ही मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका, नुसत्या डोळ्यांनी दिसतात, जे आपल्याकडून नीट दिसतच नाहीत. नवऱ्याने अमावास्या बघून टेकापोच्या रात्री ठरवल्या आहेत आणि बाकी सगळा कार्यक्रम त्या रात्रींच्या भोवती बसवला आहे. ही गोष्ट कुठल्याही पॅकेजमध्ये मिळाली नसती. त्यांच्या तारखा चंद्र बघून ठरत नाहीत.

आता माझ्या आवडीचा भाग. मिलफर्ड ट्रॅक.

ही साडेत्रेपन्न किलोमीटरची वाट आहे, 'ते आनाऊ' नावाच्या सरोवराच्या वरच्या टोकापासून मिलफर्ड साउंडपर्यंत. हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत, आणि त्या काळात सगळ्यांनी एकाच दिशेने चालायचं. सरकारच्या संवर्धन खात्याच्या तीन झोपड्यांमध्ये रोज चाळीसच माणसांची सोय असते. तिथलं आरक्षण एका ठरलेल्या दिवशी उघडतं आणि बघता बघता संपतं. ज्यांना स्वयंपाकाचं सामान आणि स्लीपिंग बॅग पाठीवर घ्यायची तयारी आहे, त्यांच्यासाठी हाच मार्ग उत्तम, आणि खर्चही कितीतरी कमी. दुसरा मार्ग वाटाड्यासकट चालण्याचा. वाट तीच, पण मुक्काम वेगळ्या लॉजमध्ये. गरम पाण्याची अंघोळ, स्वच्छ पांढरी चादर, रात्री टेबलावर वाढलेलं तीन पदार्थांचं जेवण. माणशी अडीच हजार न्यूझीलंड डॉलरच्या पुढे जातं, आणि एक डॉलर पन्नास रुपयांच्या आसपास धरा. मी आणि लेक हाच घेतोय. आमच्या सहलीतली ही सर्वात मोठी चैन, आणि ती मी पूर्ण विचार करून घेतली आहे. सह्याद्रीत देवळात, गुहेत, गावातल्या शाळेच्या ओसरीवर मी मनसोक्त झोपले आहे. या वेळी मला दिवसभर पावसात चालून संध्याकाळी कोरड्या खोलीत बसायचंय.

कारण पाऊस पडणारच. मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस होतो, महाबळेश्वरच्याही वर. आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो, तिथला वर्षभर पसरलेला आहे. वाटेवर मॅकिनन खिंड लागते, साडेअकराशे मीटर उंचीची. आकडा ऐकून सह्याद्रीतल्या माणसाला काही वाटणार नाही, पण तिथे वारा असा असतो की उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतो. खिंड उतरल्यावर मुख्य वाट सोडून सदरलँड धबधब्यापर्यंत जाता येतं. ५८० मीटर, तीन टप्प्यांत. मी त्याच्या पायथ्याशी भिजायला जाणार, मग लेक आली तरी आणि नाही आली तरी. वाट संपते त्या जागेचं नाव सँडफ्लाय पॉइंट. माओरी कथेत मृत्यूची देवता हिने-नुई-ते-पो हिने फिऑर्डलँड बघितलं आणि तिला वाटलं, इतकी सुंदर जागा असली तर माणसं इथून हलणारच नाहीत. म्हणून तिने चावऱ्या माश्या सोडल्या. माश्या आजही आहेत. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे आणि चांगलं मलम बरोबर हवंच.

नवऱ्याच्या गुडघ्याला ती खिंड झेपणार नाही, म्हणून आमचं चालणं चालू असताना तो डाउटफुल साउंड या दुसऱ्या खाडीत एक रात्र बोटीवर राहणार आहे. मला स्वतःला ही कल्पना इतकी आवडली की क्षणभर मिलफर्ड सोडावा असं वाटलं. मानापौरी सरोवर बोटीने ओलांडायचं, मग विल्मट खिंडीतून बसने पलीकडे उतरायचं. हा रस्ता देशातल्या बाकी कुठल्याच रस्त्याला जोडलेला नाही, म्हणून तिथे गाड्यांची रांग लागू शकत नाही. बोट एखाद्या फाट्यात थांबते, इंजिन बंद करतात आणि काही मिनिटं सगळ्यांनी गप्प राहायचं. फक्त पाणी आणि पक्षी. हे मानापौरी सरोवर आज जसं आहे तसं राहिलं त्यालाही इतिहास आहे. वीजनिर्मितीसाठी त्याची पातळी कित्येक मीटर वाढवायची योजना होती. लोकांनी मोहीम उभी केली आणि १९७० साली अडीच लाखांहून जास्त सह्यांचं निवेदन संसदेत गेलं. वीजकेंद्र जमिनीखाली झालं, पण सरोवराची पातळी नैसर्गिकच ठेवली गेली. धरणाखाली गेलेली गावं आपण पाहिली आहेत, त्यामुळे हे वाचताना मला फार बरं वाटलं.

आम्ही पुन्हा भेटणार मिलफर्डला. सरोवराकाठच्या ते आनाऊ गावाहून तिथला रस्ता १२० किलोमीटरचा. वाटेत होमर बोगदा, सव्वा किलोमीटर लांब, खडकात खोदलेला, आतून उताराचा. १९५४ साली खुला झाला. बोगद्याच्या तोंडाशी थांबलेल्या गाड्यांवर किआ पोपट येऊन बसतात आणि खिडकीचं रबर चोचीने उपटतात. त्यांना खायला घालायचं नाही, हे लेकीला आत्तापासून बजावून ठेवलं आहे. या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, म्हणून गाडीने जाणाऱ्यांनी ते आनाऊतच टाकी भरावी आणि नकाशा फोनवर उतरवून ठेवावा. नवरा मात्र तिथे गाडी न चालवता बसने येईल, हे ठरलं आहे. त्या रस्त्यावर बघायला इतकं आहे की चालवणाऱ्याच्या वाट्याला काही येत नाही. मिलफर्डमधला मायटर पीक १६८० मीटरच्या वर जातो. कळसूबाईपेक्षा थोडाच उंच, पण कळसूबाई आपण बारीपासून चढायला लागतो तेव्हाच बरेच वर आलेलो असतो. हा थेट समुद्राच्या पाण्यातून उठतो.

आओराकीच्या पायथ्याशी आम्ही सर्वात जास्त रात्री ठेवल्या आहेत. ३,७२४ मीटर, देशातलं सर्वात उंच शिखर. एडमंड हिलरी इथेच तयार झाले आणि एव्हरेस्टच्या आधी, १९४८ मध्ये, याची दक्षिण धार पहिल्यांदा चढून गेलेल्या तुकडीत होते. मला सीली टार्न्सची वाट करायची आहे. बावीसशे पायऱ्या आहेत म्हणे, आणि वर दोन लहान तळी, समोर हिमनद्या. नवरा त्याच सकाळी स्की-विमानाने टास्मन हिमनदीवर उतरणार. या विमानाची गोष्ट मला फार आवडली: हॅरी विगली नावाच्या वैमानिकाने चाकांबरोबर वर-खाली होणाऱ्या स्की बसवल्या आणि १९५५ साली टास्मनवर पहिल्यांदा विमान उतरवलं. धावपट्टीवरून चाकांवर उडायचं आणि बर्फावर स्कीवर टेकायचं. गुडघा कसाही असो, माणूस हिमनदीवर उभा राहू शकतो. अशा गोष्टीसाठी पैसे मोजायला मला जराही जड जात नाही. पूर्वी फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या पश्चिमेच्या हिमनद्यांवर चालत जाता यायचं. बर्फ इतकं मागे सरकलंय की आता बर्फावर पाय ठेवायला हेलिकॉप्टरच लागतं. टास्मनच्या तोंडाशी आज जे मोठं सरोवर आहे, ज्यात हिमखंड तरंगतात, ते पन्नास-साठ वर्षांपूर्वी नव्हतंच. लेक मोठी होऊन तिच्या मुलांना घेऊन जाईल तेव्हा यातलं किती उरेल, हा विचार मनात येतो, आणि म्हणूनही आत्ता जायचं आहे.

मोकळे दिवस मी इथेच ठेवले आहेत. हवा बिघडली की विमान उडत नाही. पैसे परत मिळतात, पण दिवस मिळत नाही. पुढच्या हॉटेलचं बुकिंग डोक्यावर असेल तर मग निघावंच लागतं. एकाच ठिकाणी जास्त रात्री असल्या की आज नाही तर उद्या. मला विचाराल तर न्यूझीलंडमधली खरी श्रीमंती ही आहे, आणि ती छापील कार्यक्रमात सर्वात आधी कापली जाते.

क्वीन्सटाउनबद्दल थोडक्यात, कारण त्याविषयी सगळेच लिहितात. तिथल्या कावाराऊ पुलावर १९८८ साली ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन अॅश यांनी कायमस्वरूपी बंजी सुरू केली; पूल ४३ मीटर उंच, खाली हिरवं पाणी. लेकीला ही नको, तिला नेव्हिस हवी. १३४ मीटर. खोल दरीवर तारांना टांगलेल्या खोलीतून उडी, साडेआठ सेकंद नुसतं पडायचं. वडिलांनी परवानगी दिली, मीही दिली. उडी तिने मारायची, आम्ही काठावर उभं राहायचं. मला स्वतःला ओढ आहे ती जेटबोटीची, आणि तीही वेगासाठी नाही. मॅकेन्झी खोऱ्यातल्या बिल हॅमिल्टन या शेतकरी-अभियंत्याने १९५० च्या दशकात ती विकसित केली, कारण तिथल्या नद्या उथळ, गोट्यांच्या आणि फाटे फुटलेल्या. पाण्याखाली पंखा फिरणारी नेहमीची बोट तिथे तळाला लागते. त्याने पाणी आत ओढून मागून जोराने फेकणारं यंत्र बसवलं, आणि बोट वीतभर पाण्यातही पळायला लागली. गरजेतून निघालेली वस्तू त्याच मातीत बघायला मला नेहमी आवडतं.

विमा मात्र नीट वाचून घ्या. न्यूझीलंडमध्ये अपघात झाला तर पर्यटकालाही तिथल्या सरकारी अपघात योजनेतून, एसीसीमधून, उपचाराचा खर्च मिळतो. हे वाचून पुष्कळ जण विमा टाळतात. पण ती योजना आजारपणाला लागू नाही, सहल रद्द झाल्याचा खर्च देत नाही आणि भारतात परत आणण्याचाही देत नाही. आपल्या बऱ्याचशा प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. बंजी, हेलिकॉप्टर, डोंगरातली चाल हे शब्द पॉलिसीत प्रत्यक्ष शोधा. मी दोन कंपन्यांना लेखी विचारून मगच तिसरीची घेतली.

गाडी आम्ही ख्राइस्टचर्चला घेतोय. सिंगापूरहून तिथे थेट विमान आहे, ऑकलंडला जावं लागत नाही. डाव्या बाजूने चालवायचं, इंग्रजीतला भारतीय परवाना चालतो. एकपदरी पूल मात्र समजून घ्या: लाल कड्याच्या गोल पाटीवर आपल्या दिशेचा बाण लाल आणि लहान असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. ही पाटी मी छापून नवऱ्याच्या टेबलावर लावली आहे. व्हिसा ऑनलाइन मिळतो. त्याच्याबरोबर पर्यटकांकडून घेतला जाणारा शंभर डॉलरचा संवर्धन कर धरून चला.

राहिलं सामान. इथे आपली मंडळी हमखास अडकतात. विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते, आणि जाहीर न केलेलं सापडलं तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड. मध चालत नाही, ताजी फळं नाहीत, बियाणं नाही, दुधातुपाच्या पदार्थांवर बंधनं आहेत. म्हणून बेसनाचे लाडू आणि पेढे या वेळी घरीच राहणार. सासूबाईंना हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. भाजक्या पोह्यांचा चिवडा फॅक्टरीत बंद केलेल्या पाकिटातला नेणार आणि तोही जाहीर करणार. जाहीर केलेली वस्तू त्यांनी ठेवून घेतली तरी दंड होत नाही. ट्रेकचे बूटही जाहीर करायचे असतात. तळव्याच्या खाचांत आपली तांबडी माती अडकलेली असते, आणि त्या मातीतून एखादं बी किंवा बुरशी तिथल्या जंगलात गेली तर काय होईल याची त्यांना रास्त भीती आहे. त्यांच्याकडच्या कौरी वृक्षांना मातीतून पसरणाऱ्या रोगाने पोखरलं आहे. मी बूट जुन्या टूथब्रशने घासून, साबणाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून नेणार आहे. काठीचं टोकसुद्धा.

मिलफर्ड ट्रॅक आणि डाउटफुलची बोट यांच्या तारखा जुळल्या, पैसे भरून झाले. आओराकीची खोली मिळाली, खिडकी शिखराच्या बाजूची आहे. टेकापोच्या जागेचं उत्तर अजून यायचंय, आणि अमावास्येची रात्र मिळाली नाही तर आम्ही टेकापोचा मुक्काम थोडा मागेपुढे सरकवायला तयार आहोत.